बोटांतून उमटलेली वाणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अलाबामा नावाचे एक राज्य आहे. त्या राज्याच्या उत्तर भागात टस्कंबिया हे एक लहानसे गाव आहे. या गावी २७ जून १८८० रोजी हेलन केलर हिचा जन्म झाला. तिचे वडील आर्थर केलर हे पूर्वी सैन्यात कॅप्टन होते. पुढे ते एका वृत्तपत्राचे संपादक झाले. आईचे नाव केट. घराभोवती मोठी बाग होती आणि भिंतींवर हिरवे वेल चढलेले होते. या घरात हेलनच्या बाललीला सुरू झाल्या. ती वर्षाची झाली तेव्हा चालू लागली. काही शब्दही ती बोबडे बोलू लागली. पाण्याला ती वा-वा असे म्हणत असे.

परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये, एकोणीस महिन्यांची असताना, हेलनला एकाएकी कडक ताप भरला. ती वाचेल अशी आशा डॉक्टरांनाही उरली नव्हती. एके दिवशी सकाळी ताप जसा आला तसाच उतरला. घरात आनंदीआनंद झाला. पण थोड्याच दिवसांत आईच्या ध्यानी आले की, डोळ्यांसमोर हात हलवला तरी मुलीची पापणी लवत नाही, आणि जेवणाची घंटा वाजली तरी ती मान वळवीत नाही. तापाने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही हिरावून नेल्या होत्या. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा तो रोग असावा, असे आजचे डॉक्टर मानतात. त्या काळी त्यावर औषध नव्हते.

मूल बोलायला शिकते ते कानांनी ऐकून. हेलनला ऐकू येईना, तेव्हा शिकलेले चार शब्दही ती हळूहळू विसरली. आपण डोळे मिटून घेतले आणि कानांत बोळे घातले, तर थोडा वेळ अंधार आणि शांतता अनुभवता येते. पण आपल्या मनात शब्द असतात. त्या शब्दांनी आपण विचार करतो आणि मदत मागतो. हेलनच्या अंधारात शब्दही नव्हते. भूक लागली, दुखले, भीती वाटली, तर ते सांगायचे कसे, हेच तिला ठाऊक नव्हते.

तरीही तिची बुद्धी झोपलेली नव्हती. आईचा पदर धरून ती घरभर हिंडे आणि प्रत्येक वस्तू चाचपून पाही. आपल्या गरजेपुरत्या खुणा तिने स्वतःच शोधून काढल्या. मान हलवली की नाही, मान डोलवली की होय. ओढले की ये, ढकलले की जा. पाव हवा असेल तर ती पाव कापून त्यावर लोणी लावल्याचा अभिनय करी. आइस्क्रीम हवे असेल तर यंत्र फिरवल्यासारखे करून अंग शहारल्याचे दाखवी. अशा साठेक खुणा तिने तयार केल्या होत्या. कपड्यांच्या घड्या घालणे, धुऊन आलेल्या कपड्यांतून आपले कपडे ओळखणे, ही कामेही तिला पाच वर्षांची असतानाच येत होती.

परंतु साठ खुणांत माणसाचे मन कितीसे मावणार? हेलन जसजशी मोठी होऊ लागली, तसतशी सांगण्यासारखी गोष्ट मनात मावेनाशी झाली. एकदा दोन माणसे बोलत असता ती मध्ये उभी राहिली आणि तिने त्यांच्या ओठांना हात लावून पाहिले. ओठ हलत होते. आपल्याप्रमाणे ही माणसे हातांनी खुणा करीत नाहीत, तोंडाने काही तरी करतात, हे तिला कळले. मग तिनेही आपले ओठ हलवले, जोरजोराने हातवारे केले. पण काहीच घडले नाही. कोणी तिला पाव आणून दिला नाही, कोणी तिचे म्हणणे जाणले नाही. त्यासरशी तिच्या अंगात जणू वादळ संचारले. ती किंचाळू लागली, लाथा झाडू लागली. शेवटी अंगातले त्राण संपले तेव्हाच ती थांबली.

असे प्रसंग पुढे वारंवार येऊ लागले. आरंभी ते क्वचित येत. नंतर रोज येऊ लागले, आणि कधी कधी तर तासातासाला. जवळ असेल त्याला ती मारी, चिमटे काढी, हाती लागेल ती वस्तू फेकून देई. राग शांत झाला की, आईच्या कुशीत शिरून ती रडत राही. आपण असे का केले, हे तिलाही उमगत नसे.

त्या दिवसांतल्या तिच्या कितीतरी गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. किल्लीचा उपयोग कळला तेव्हा तिने एके दिवशी आईलाच कोठीच्या खोलीत कोंडले. आई आतून दार ठोठावीत होती. आणि ते हादरे अंगाला जाणवत असल्यामुळे हेलन बाहेर पायरीवर बसून हसत होती. आईला तीन तास आतच राहावे लागले. हेलनला मिल्ड्रेड नावाची धाकटी बहीण झाली, तेव्हा आईची मांडी वाटून घ्यावी लागली. एके दिवशी आपल्या बाहुलीच्या पाळण्यात कोणी तरी निजले आहे, असे हेलनच्या हाताला लागले. तिने संतापाने पाळणा उलथून टाकला. आईने वेळीच झेलले म्हणून तान्ही मिल्ड्रेड बचावली. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था ही हेलनची खेळगडी होती. तिला हेलनच्या खुणा समजत. मार खाण्यापेक्षा हेलनचे ऐकलेले बरे, म्हणून ती बिचारी निमूटपणे तिच्या मनासारखे करी. कारण काहीही असो, मार बसणाऱ्याला तो लागतोच, हेही आपण विसरता कामा नये.

घरातील माणसांना हेलनची फार दया येई. तिला रागावावे तरी कसे? म्हणून ती मागेल ते तिला मिळे आणि हट्ट करताच गोड खाऊ हातात पडे. जेवताना ती सर्वांच्या ताटांभोवती फिरे आणि आवडेल तो पदार्थ हाताने उचलून घेई. कोणी तिला अडवीत नसे. नातलगांपैकी काहींना तर ही मुलगी वेडी आहे, तिला कोठे तरी ठेवून द्यावी, असे वाटू लागले होते. खरे पाहता या दोन्ही वागणुकींत चूक होती. हट्ट पुरवल्याने हेलनला शब्द मिळत नव्हते, आणि वेडी ठरवल्यानेही मिळत नव्हते. तिला काय सांगायचे आहे, हा प्रश्न तसाच राहिला होता.

आई मात्र आशा सोडावयास तयार नव्हती. चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात तिने लॉरा ब्रिजमन या आंधळ्या व बहिऱ्या मुलीची हकीकत वाचली होती. बोस्टन शहरातील पर्किन्स संस्थेत डॉक्टर हाउ यांनी त्या मुलीला शिकवले होते. मग आपल्या हेलनला का शिकवता येऊ नये? १८८६ मध्ये वडील हेलनला घेऊन बाल्टिमोर येथील एका नामांकित नेत्रवैद्याकडे गेले. डोळ्यांना उपाय नाही, परंतु मुलीला शिक्षण देता येईल, असे त्यांनी सांगितले आणि वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठवले. टेलिफोनचा शोध लावणारे ते हेच बेल. त्यांची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या, आणि बहिऱ्या मुलांचे शिक्षण हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. त्यांनी हेलनला मांडीवर घेतले. तिच्या खुणा त्यांना चटकन समजल्या. पर्किन्स संस्थेचे प्रमुख अनाग्नॉस यांना पत्र लिहा, असा सल्ला त्यांनी दिला. त्या पत्राचे उत्तर म्हणून टस्कंबियाला एक शिक्षिका आली. तिचे नाव ॲन सुलिव्हन.

सुलिव्हनबाईंचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. पण त्या वीस वर्षांत त्यांनी पुष्कळ दुःख भोगले होते. त्यांचा जन्म आयर्लंडहून आलेल्या एका दरिद्री कुटुंबात १८६६ मध्ये झाला. लहानपणी डोळ्यांना खुपऱ्या झाल्या आणि दृष्टी जवळजवळ गेली. आई वारली. १८७६ मध्ये त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला गरिबांसाठी असलेल्या एका सरकारी आश्रयगृहात ठेवण्यात आले. काही महिन्यांतच तेथे भावाचा मृत्यू झाला. चार वर्षांनी काही पाहुणे ते आश्रयगृह तपासावयास आले, तेव्हा मला शाळेत जायचे आहे, असे या मुलीने त्यांना धीटपणे विनवले. अशा रीतीने चौदाव्या वर्षी, अक्षरओळखही नसताना, त्या पर्किन्स संस्थेत दाखल झाल्या. तेथे त्या तापट स्वभावाबद्दल प्रसिद्ध होत्या. पुढे शस्त्रक्रियांमुळे त्यांना थोडेफार दिसू लागले, आणि १८८६ मध्ये त्या आपल्या वर्गात पहिल्या येऊन उत्तीर्ण झाल्या. एकटे पडलेल्या मुलाचा संताप म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

३ मार्च १८८७ या दिवशी सुलिव्हनबाई टस्कंबियास पोहोचल्या. घरात काही तरी विशेष घडणार आहे, हे लोकांच्या लगबगीवरून हेलनला जाणवले होते. ती दारात उभी होती. बाई पायऱ्या चढताच ती त्यांच्या अंगावर इतक्या वेगाने धावली की, त्या पडायच्याच. हेलनने त्यांचा चेहरा, कपडे, पिशवी, सारे चाचपले. पिशवीत खाऊ असेल असे वाटून ती उघडू लागली. आईने पिशवी काढून घेताच हेलन खवळली. आता नेहमीचे वादळ होणार, असे सर्वांना वाटले. पण बाईंनी शांतपणे आपले घड्याळ तिच्या हाती दिले. त्याची टिकटिक बोटांना जाणवताच हेलन स्तब्ध झाली. वादळ ओसरले. या मुलीच्या बोटांत केवढी जिज्ञासा आहे, हे बाईंना पहिल्याच दिवशी कळले.

परंतु पुढचे दिवस सोपे नव्हते. एके दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी हेलनने बाईंच्या ताटात हात घातला. बाईंनी तो बाजूला केला. तिने पुन्हा घातला, त्यांनी पुन्हा बाजूला केला. घरातील माणसांना ते पाहवेना. ती उठून गेली. बाईंनी दार आतून लावून घेतले. हेलन जमिनीवर लोळून किंचाळू लागली, बाईंची खुर्ची ओढू लागली, चिमटे काढू लागली. बाई आपली न्याहारी खात राहिल्या. हळूहळू हेलनला कळले की खोलीत दुसरे कोणी नाही. ती गोंधळली आणि येऊन बसली. तिला चमचा देण्यात आला. तिने तो फेकला. बाईंनी तिच्याकडून तो उचलवून घेतला. अखेर ती चमच्याने खाऊ लागली. नंतर रुमालाची घडी घालण्यावरून आणखी तासभर झगडा झाला. तो संपल्यावर सुलिव्हनबाई आपल्या खोलीत गेल्या आणि मनसोक्त रडल्या.

बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. घरात राहून हेलन शिकणार नाही; कारण ती रडताच कोणी ना कोणी मध्ये पडते. म्हणून आईवडिलांच्या संमतीने त्या दोघी जवळच्याच बागेतल्या एका लहान घरात राहावयास गेल्या. ते घर दूर आहे असे हेलनला वाटावे, म्हणून तिला गाडीतून लांबचा फेरफटका मारून तेथे नेले. पहिल्या रात्री ती बाईंशेजारी निजावयास तयार होईना. सुमारे दोन तास झटापट झाली. पण दिवसामागून दिवस गेले, तशी ती निवळू लागली. बाई रागावत नाहीत, मारीत नाहीत आणि सोडूनही जात नाहीत, हे तिला हळूहळू पटले. दोन आठवड्यांच्या आतच ती बाईंच्या शेजारी बसून तांबड्या लोकरीची लांबच लांब साखळी विणू लागली. वडील खिडकीतून डोकावून पाहत, तेव्हा आपल्या मुलीला इतकी शांत बसलेली पाहून ते थक्क होत.

या सर्व दिवसांत बाईंचे खरे काम अखंड चालू होते. पर्किन्स संस्थेत त्या बोटांची लिपी शिकल्या होत्या. या लिपीत प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरावीक ठेवण असते. आंधळ्या-बहिऱ्या माणसाच्या तळहातावर ती ठेवण करून दाखवली की, त्याला स्पर्शाने अक्षर कळते. आल्याबरोबर बाईंनी हेलनला एक बाहुली दिली होती. संस्थेतील आंधळ्या मुलींनी ती पाठवली होती, आणि तिचे कपडे लॉरा ब्रिजमन हिने शिवले होते. ही बाहुली हातात देऊन बाईंनी हेलनच्या तळहातावर डॉल या शब्दाची अक्षरे काढली. हेलनला तो खेळ आवडला. तिने लगेच नक्कल केली. पुढे तिने आणखी शब्दांची नक्कल केली. एकदा तर घरच्या बेल नावाच्या कुत्रीचा पंजा हातात धरून ती त्यावर डॉल शब्दाची अक्षरे काढू लागली! पण प्रत्येक वस्तूला नाव असते, आणि बोटांच्या या हालचाली म्हणजे ते नाव, हे तिला अजून उमजले नव्हते.

५ एप्रिल १८८७ चा दिवस उजाडला. पेला आणि पाणी यांत हेलनचा घोटाळा होत होता. पेल्याचे नाव काढ म्हटले की ती पाण्याचे काढी, आणि पाण्याचे म्हटले की पेल्याचे. बाई पुन्हा पुन्हा समजावू लागल्या, तशी हेलन चिडली. तिने नवी बाहुली उचलली आणि जमिनीवर आपटली. बाहुलीचे तुकडे झाले. पायांशी ते तुकडे लागले, तरी हेलनला वाईट वाटले नाही. उलट मनातली चीड बाहेर पडल्याचे तिला समाधानच झाले. बाईंनी ते तुकडे झाडून एका बाजूला केले, तिची टोपी आणली आणि तिला बाहेर नेले.

बागेत विहिरीवर एक छपरी होती. तिच्यावर सुगंधी फुलांचा वेल पसरला होता. तेथे कोणी तरी हातपंपाने पाणी काढीत होते. बाईंनी हेलनचा एक हात पाण्याच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर वॉटर या शब्दाची अक्षरे काढली. आधी सावकाश, मग भराभर. हेलन निश्चल उभी राहिली. तिचे सारे लक्ष त्या बोटांच्या हालचालीकडे लागले. आणि एकाएकी तिच्या मनात उजेड पडला. हातावरून वाहणाऱ्या या थंडगार वस्तूला नाव आहे, आणि ते नाव हे! तिचा चेहरा उजळला. तिने जमिनीला हात लावून तिचे नाव विचारले, पंपाचे विचारले. मग वळून बाईंचेच नाव विचारले. बाईंनी शिक्षिका या अर्थाचा शब्द तिच्या हातावर लिहिला. त्या दिवशी काही तासांत ती सुमारे तीस शब्द शिकली.

परंतु त्या दिवशी याहूनही मोठी एक गोष्ट घडली. घरात परत येताच हेलनला मोडलेल्या बाहुलीची आठवण झाली. ती चाचपडत त्या तुकड्यांपाशी गेली, ते उचलून एकमेकांना जोडू लागली. ते जोडले जाईनात. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. आपण काय केले हे तिला कळले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला पश्चात्ताप झाला. सकाळी जी मुलगी बाहुली फोडून समाधान पावली, तीच त्या बाहुलीसाठी रडली. सकाळी ती दुष्ट होती आणि नंतर चांगली झाली, असे नव्हे. मुलगी तीच होती. तिला आता शब्द मिळाला होता.

यानंतर हेलन कधीच चिडली नाही, असे मात्र समजू नका. काही काळाने ती एका काचेच्या पेल्यात खडे भरीत होती. पेला फुटेल म्हणून व्हिनी नावाची दासी तो काढून घेऊ लागली, आणि हेलनने तिला पूर्वीप्रमाणेच मारले व लाथाडले. पण एक फरक पडला होता. आता काय झाले, हे तिला बोटांनी सांगता येत होते आणि बाईंना तिला समजावता येत होते. जेवणावर तिची वासना राहिली नाही. बाई बराच वेळ तिच्याशी बोलत बसल्या. शेवटी ती आपण होऊन व्हिनीकडे जावयास तयार झाली आणि त्या दोघींचे सख्य झाले. ज्या वादळातून पूर्वी केवळ थकवा उरत असे, त्यातून आता समेट होऊ लागला.

पुढची हकीकत वेगाने घडली. १८८८ मध्ये हेलन बाईंबरोबर बोस्टनला गेली. ती उठावाच्या अक्षरांची ब्रेल लिपी शिकली. १८९० मध्ये बहिऱ्यांच्या शाळेतील शिक्षिका सारा फुलर यांच्या चेहऱ्यावर व ओठांवर बोटे ठेवून ती तोंडाने बोलावयास शिकू लागली. तिचे बोलणे अनोळखी माणसाला नीट समजत नसे, याची तिला जन्मभर खंत राहिली. पण तिने प्रयत्न सोडला नाही. १९०० मध्ये तिने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्गात सुलिव्हनबाई शेजारी बसत आणि अध्यापकांचे प्रत्येक वाक्य तिच्या तळहातावर लिहीत. स्वतःचे दुबळे डोळे शिणवून त्या तिच्यासाठी पुस्तके वाचीत. १९०४ मध्ये हेलन केलर विशेष प्राविण्यासह पदवीधर झाल्या. आंधळ्या आणि बहिऱ्या व्यक्तीने अशी पदवी मिळवल्याचे हे पहिलेच उदाहरण होते. त्याआधीच, १९०३ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. आपल्या बालपणीचे संतापाचे प्रसंग त्यांनी त्यात लपवले नाहीत. त्यांची कारणे मात्र नीट उलगडून सांगितली.

मिळालेली वाणी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. नवजात बालकांच्या डोळ्यांना होणाऱ्या ज्या रोगामुळे अंधत्व येते, तो साध्या औषधाने टाळता येतो, हे त्यांनी लेख लिहून सांगितले. त्या काळी या रोगाबद्दल उघड बोलणे शिष्टसंमत नव्हते. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, कामगारांना न्याय मिळावा, यासाठीही त्या बोलल्या. १९२४ पासून त्यांनी अंधांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेसाठी गावोगाव व्याख्याने दिली. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना त्या रुग्णालयांत जाऊन भेटल्या.

२० ऑक्टोबर १९३६ रोजी सुलिव्हनबाईंचा मृत्यू झाला. एकोणपन्नास वर्षांची सोबत संपली. हेलन केलर खचल्या नाहीत. पॉली थॉमसन या त्यांच्या सहकारी बाईंना बरोबर घेऊन त्यांनी जगभर प्रवास केला. १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या आशियाच्या दीर्घ दौऱ्यावर निघाल्या. त्या वेळी त्या भारतातही आल्या. मुंबईलाही त्यांनी भेट दिली. दिल्लीत पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवून त्यांनी त्यांची ओळख करून घेतली. १ जून १९६८ रोजी हेलन केलर यांनी झोपेतच जगाचा निरोप घेतला. वॉशिंग्टनच्या भव्य प्रार्थनामंदिरात सुलिव्हनबाईंच्या रक्षेशेजारीच त्यांची रक्षा ठेवलेली आहे. १९७७ मध्ये मुंबईत आंधळ्या-बहिऱ्या मुलांसाठी जी शाळा निघाली, तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

हेलनच्या काळी लोकांना जे ठाऊक नव्हते, त्यातले पुष्कळ आज कळले आहे. काही मुलांचे कान, डोळे, त्वचा किंवा मेंदू इतरांहून निराळ्या रीतीने काम करतात. कोणाला साधा आवाज घणाच्या घावासारखा वाटतो. कोणाला गर्दी, झगमगाट किंवा अंगावरचा खरखरीत कपडा सोसवत नाही. कोणाला मनातले बोलून दाखवता येत नाही. मग एखाद्या क्षणी ते मूल एकाएकी ओरडते, मारते, वस्तू फेकते. खोडकर मुलाला हवे ते मिळाले की ते थांबते. या मुलाला मात्र थांबायचे असूनही पुष्कळदा थांबता येत नाही. अशा वेळी त्याला हसू नये, चिडवू नये, भोवती घोळका करू नये. आवाज कमी करावा, त्याला मोकळी व शांत जागा द्यावी, कोणाला इजा होणार नाही हे पाहावे आणि जाणत्या मोठ्या माणसाला बोलवावे. सुलिव्हनबाईंनी जशी बळाने झटापट केली, तशी आजचे जाणकार शिक्षक करीत नाहीत. खुणा, चित्रे किंवा शब्द देऊन मुलाला आधी बोलते करणे, हाच आजचा मार्ग आहे; आणि हा मार्ग बाईंनीच विहिरीपाशी दाखवून दिला.

तुमच्या वर्गात, शेजारात किंवा घरातही असे एखादे मूल असेल. त्याचा राग पाहून तुम्हाला भीती वाटेल, कदाचित त्याचा रागही येईल. त्या वेळी टस्कंबियाची ती सहा वर्षांची मुलगी आठवा. तिच्या मुठीत मार होता, तसेच एक न सांगता आलेले सांगणेही होते. घरातील माणसांना तिचा मार तेवढा जाणवला. सुलिव्हनबाईंनी ती मूठ उघडली आणि तळहातावर एक शब्द लिहिला.

स्वाध्याय

१. हेलनने स्वतः शोधून काढलेल्या खुणा कोणत्या? त्या अपुऱ्या का पडल्या?
२. घरातील माणसांच्या दयेमुळे हेलनचे भले का झाले नाही?
३. पहिल्याच भेटीत सुलिव्हनबाईंनी हेलनचा राग कसा शांत केला?
४. मोडलेली बाहुली पाहून हेलनला सकाळी काय वाटले आणि नंतर काय वाटले? या बदलाचे कारण सांगा.
५. वर्गातील एखादे मूल एकाएकी संतापले तर तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.